सहा मीटरची गल्ली : नौपाड्यातल्या एका सोसायटीचा पुनर्विकास

हे प्रकरण ठाण्याच्या नौपाड्यातलं आहे. सोसायटी कोणती, गल्ली कोणती, बिल्डर कोण, हे सांगणार नाही. सदनिकांची संख्या आणि क्षेत्रफळं ओळख पटू नये इतपत बदलली आहेत, गणित मात्र तेच ठेवलं आहे. प्रकल्प सल्लागाराच्या कार्यालयातर्फे मी पहिल्या व्यवहार्यता अहवालापासून या कामात होतो.

नौपाड्याचा चेहरामोहरा का बदलला असं विचारलं की लोक ‘बिल्डर’ म्हणतात, नाहीतर ‘एफएसआय’ (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) म्हणतात. दोन्ही खरं, पण अर्धंच. इथे इमारतीचा आकार ठरवला तो रस्त्याच्या रुंदीने आणि शेजारच्या सोसायटीच्या कन्व्हेयन्सने, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणाऱ्या दस्ताने. तो ठरला तेव्हा नव्या इमारतीची एक रेघही कागदावर आलेली नव्हती.

पार्श्वभूमी

१८५३ साली बोरीबंदरहून पहिली रेल्वे ठाण्याला आली. पुढे मुंबईत नोकरी आणि ठाण्यात घर अशी चाकरमान्यांची पिढीच्या पिढी स्टेशनच्या आसपास स्थिरावली. आपल्या सोसायटीच्या भूखंडावर, तिला इथे ‘अ’ म्हणू, एक कौलारू बंगली होती. पुढे पडवी, मागे विहीर, कुंपणाला मेंदी. आज असं घर नौपाड्यात शोधत फिरावं लागतं. सापडलं तर त्याला बहुधा दोन बाजूंनी टॉवर असतात आणि तिसऱ्या बाजूला टॉवरचा पत्रा.

बंगलीच्या जागी चाळ का झाली नाही, याचं कारण १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. भाडं गोठलं, भाडेकरू हलेना, त्यामुळे भाड्याने द्यायला म्हणून बांधणं मालकांना आतबट्ट्याचं झालं. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मोफा (मालकीच्या फ्लॅटचा कायदा) आल्यावर मालकीच्या फ्लॅटची वाट खुली झाली. बंगलीच्या मालकाने १९७० च्या सुमारास जमीन विकली आणि १९७४ मध्ये तळमजला अधिक तीन अशी इमारत उभी राहिली. मजल्यावर चार बिऱ्हाडं, एकूण १६. भूखंड ६०० चौरस मीटर आणि बांधकामही जवळपास तेवढंच. लिफ्ट नाही, कारण चौथ्या पातळीपर्यंत माणूस चढतो असं तेव्हा सगळेच धरून चालत.

ही इमारत दिसायला साधी, पण विचारपूर्वक बांधलेली होती. जिना रस्त्याच्या बाजूला, त्याला तळापासून गच्चीपर्यंत सिमेंटची जाळी. त्यामुळे दिवसा दिवा लावावा लागत नसे आणि पावसाची झड आली तरी पायऱ्या फारशा भिजत नसत. पायऱ्या मोझेकच्या, कडेला काळी पट्टी. प्रत्येक घराला अडीच-तीन फुटांची बाल्कनी. तळमजल्याच्या मागच्या दोन घरांना परसात उघडणारं दार, तिथे तुळस, कढीपत्ता आणि धुण्याचा दगड. गेटच्या आत जिन्यालगत एक लांब ओटा होता. मंजूर नकाशात त्याचं नाव नव्हतं. गवंड्याने उरलेल्या विटांतून केला असावा.

इमारतीचा चेहरा पहिल्यांदा बदलला तो पुनर्विकासाच्या फार आधी. नव्वदच्या दशकात बाल्कन्या हॉलमध्ये घेतल्या गेल्या. कोणी परवानगी काढली, कोणी नाही. मग पेटीसारख्या बाहेर आलेल्या ग्रिल, त्यावर पत्रा, त्याखाली एसीचं यंत्र. १९७४ ची मूळ दर्शनी बाजू ज्यांना आठवते अशी गल्लीत आता मोजकीच माणसं आहेत.

अडचण

ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यातच, बी-केबिन भागात, एक जुनी इमारत रात्रीतून कोसळली आणि १२ माणसं गेली. त्या पावसाळ्यात ‘अ’च्या सभासदांनी छताकडे बघायला सुरुवात केली. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर तीन वर्षांनी करावी असं सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. इथे तोवर एकदाही झालेली नव्हती. ती २०१८ मध्ये झाली.

काँक्रीटमधला क्षारपणा उतरला होता आणि सळया गंजून फुगल्या होत्या. बाथरूमखालच्या स्लॅबचं प्लास्टर हाताने सुटत होतं आणि आतली सळई पेन्सिलीएवढी उरली होती. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं. सळईवरचं आवरण काही ठिकाणी अर्ध्या इंचाचंही नव्हतं. शेरा आला ‘सी-२ए’ : रिकामी करून मोठी दुरुस्ती. पाडायलाच हवी अशी ‘सी-१’ नाही आणि राहत राहत दुरुस्त करता येईल अशी ‘सी-२बी’ही नाही. हा शेरा सगळ्यात अवघड, कारण तो निर्णय तुमच्यावरच टाकतो.

दुसरी अडचण रस्त्याची. गल्ली सहा मीटर रुंद. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तिने मूळ एफएसआय १.१ ठेवला आणि वरचा सगळा रस्त्याच्या रुंदीला बांधला. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारा) नाही, टीडीआर (दुसऱ्या भूखंडाचा विकत घेतलेला विकासहक्क) नाही. नऊ मीटर झाला की प्रीमियम ०.५ आणि टीडीआर ०.४. म्हणजे गल्ली दीड-दीड मीटरने दोन्हीकडे मागे सरली की ६०० चौरस मीटरच्या भूखंडावर मूळचे ६६० चौरस मीटर एकदम १,२०० होतात. त्यावर जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा प्रोत्साहनपर एफएसआय वेगळा : अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा सदनिकेमागे १५ चौरस मीटर, जे जास्त असेल ते. आणि निवासी बांधकामाला जिने, लिफ्ट, बाल्कन्या अशा गोष्टींसाठी ६० टक्के अनुषंगिक क्षेत्र.

पर्याय

दुरुस्तीचा पर्याय सर्वांत आधी मांडला गेला आणि सर्वांत आधी पडला. रिकामी करायची म्हटल्यावर भाडं कोण देणार? सोळा घरांपैकी पाच-सहा घरांत पेन्शनवर चालणारी मंडळी. जॅकेटिंग करून, म्हणजे खांब-तुळयांना नव्या काँक्रीटचं आवरण देऊन, इमारत आणखी पंधरा-वीस वर्षं काढेल असं अभियंत्याने सांगितलं, त्यावर एक काका म्हणाले, “अहो, तेवढी तर मीही काढणार नाही.” सगळे हसले आणि विषय संपला. तो इतक्या लवकर संपायला नको होता.

स्वयंपुनर्विकास, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच बांधणं, तरुण सभासदांना हवा होता. सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने त्याला सवलती जाहीर केल्या होत्या. विक्रीच्या फ्लॅटचा नफा सोसायटीकडेच राहतो हे खरं, पण कर्जाची जबाबदारी आणि बांधकामाची रोजची डोकेदुखीही सोसायटीकडेच राहते. समितीत पूर्णवेळ देऊ शकेल असा एकही माणूस नव्हता. माझं मत असं की १६ घरांची सोसायटी त्यासाठी लहान नाही, पण निदान दोन माणसं तरी अशी लागतात ज्यांना सकाळी अकरा वाजता साइटवर उभं राहता येतं.

तिसरा पर्याय बिल्डर.

चौथा पर्याय मला सगळ्यात पटलेला : शेजारच्या ‘ब’ सोसायटीसोबत एकत्र जाणं. ‘ब’चा भूखंड ५५० चौरस मीटर, १२ घरं, इमारत १९७९ ची. दोघांच्या मध्ये एक कमरेएवढी भिंत. ‘अ’चा भूखंड २० मीटर रुंद आणि ३० मीटर खोल. उंच इमारतीला अग्निशमन बंबासाठी एका बाजूने सहा मीटरची वाट सोडावी लागते, दुसऱ्या बाजूला सवलत घेऊनही अडीच-तीन मीटर जातात. उरते अकरा-बारा मीटरची पट्टी. तिच्यावर काय उभं राहणार? काडेपेटी उभी धरावी तसा टॉवर. दोन भूखंड जोडले की वाट एक, पार्किंगचा उतार एक, लिफ्टचा गाभा एक, पाण्याची टाकी एक. घरांना दोन बाजूंनी उजेड देता येतो. आणि तळाशी एक मोकळा तुकडा उरतो, ज्याला अंगण म्हणता आलं असतं.

निर्णयाची वळणं

‘ब’कडे कन्व्हेयन्स नव्हतं. इमारत सोसायटीची, जमीन अजून मूळ मालकाच्या वारसांच्या नावावर. मालकाने दस्त करून दिला नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, सोय कायद्यात आहे. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, मग दस्त, मग मिळकत पत्रिकेवर नोंद. ‘ब’च्या चिटणीसांनी सांगितलं, “आम्हाला एक वर्ष द्या.” ‘अ’च्या सभेत यावर तासभर चर्चा झाली. बांधकाम खर्च वाढतोय, टीडीआरचा भाव वर जातोय, आलेल्या निविदांची मुदत संपतेय, आणि पावसाळा तोंडावर. वर्षाची दोन वर्षं होतील हे सगळ्यांना माहीत होतं. थांबायचं नाही असं ठरलं. तो निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. गंजलेल्या सळईखाली झोपणाऱ्या माणसाला नगररचनेचं व्याख्यान देता येत नाही. पण त्याच सभेत आणखी एक ठराव करता आला असता, त्याकडे पुढे येतो.

दुसरं वळण मंजूर नकाशाचं. प्रोत्साहनपर एफएसआय अधिकृत क्षेत्रावर मोजायचा, म्हणजे १९७४ चा नकाशा हवा. तेव्हा ठाण्यात महापालिका नव्हती (ती १९८२ ची), नगरपालिका होती. सोसायटीच्या कपाटात नकाशा नव्हता. तो सापडला दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींच्या ट्रंकेत. त्यांचे यजमान पहिले चिटणीस होते. घड्यांवर फाटलेली निळी प्रत, कोपऱ्यात नगरपालिकेचा शिक्का. त्या कागदावरून कळलं की मागची एक खोली नकाशात मुळातच नव्हती. ज्यांची ती खोली होती त्यांनी दोन सभांवर बहिष्कार टाकला. शेवटी सगळ्यांना मूळ नकाशातल्या चटई क्षेत्रावर (घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर) सारखी टक्केवारी द्यायची आणि वाढीव खोलीचे पैसे बिल्डरने वेगळे द्यायचे यावर मिटलं.

बाकी प्रक्रिया सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या पुनर्विकास निर्देशांप्रमाणे झाली : विशेष सर्वसाधारण सभा, दोन तृतीयांश गणपूर्ती, एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के संमती, निबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर बिल्डरची निवड, चित्रीकरण. इथे मिळाली १६ पैकी १४ जणांची संमती. करारात चटई क्षेत्र ३४० वरून ४५० चौरस फूट, भाडं, दलाली, सामान हलवण्याचा खर्च, कॉर्पस (बिल्डरने द्यायचा एकरकमी निधी), टाइल्सचा आकार, नळांची कंपनी, स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड, इतकंच काय, मोलकरणीच्या भांड्यांसाठीचा कट्टा, सगळं आलं. ४० पानांच्या त्या मसुद्यात इमारत गल्लीला कशी भिडेल यावर एक ओळ नव्हती.

हे कोणाच्या लक्षात आलं नाही असंही नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं.

“माझं घर कुठे येणार?”

“काकू, रहिवासी मजले पार्किंगच्या वर सुरू होतात. तुम्हाला पहिला देतो. म्हणजे तसा तिसरा.”

“मग परस?”

“लिफ्ट आहे ना आता.”

“मी तळमजल्यावर राहते रे. मला लिफ्ट कशाला लागते?”

अध्यक्ष गप्प बसले. इतिवृत्तात नोंद झाली : ‘तळमजल्यावरील सभासदांच्या शंकांचे निरसन करण्यात आले.’

तिसरं वळण बँक गॅरंटीचं. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के गॅरंटी घ्यावी असं निर्देश सांगतात. बिल्डर म्हणाला, एवढी गॅरंटी अडकवली तर मी भाडं वाढवून देऊ शकत नाही. समितीने मधला मार्ग काढला : गॅरंटी कमी, पण विक्रीचे दोन फ्लॅट सोसायटीच्या ना-हरकतीशिवाय विकायचे नाहीत अशी अट. दुसऱ्या वर्षी भाड्याचे धनादेश काही महिने थकले तेव्हा ही अट कामी आली. एक ग्राहक पैसे घेऊन उभा होता, सोसायटीने सही दिली नाही, आठवड्यात थकबाकी जमा झाली. लहान सोसायट्यांनी हे कलम डोळे झाकून उचलावं. मात्र ते गॅरंटीला पर्याय नाही, आणि बाजार पडलेला असता तर त्या दोन फ्लॅटना विचारलंही कोणी नसतं.

काय झालं

२०२२ मध्ये इमारत रिकामी झाली. गल्लीच्या बाजूने दीड मीटरची, म्हणजे ३० चौरस मीटरची पट्टी रस्त्यासाठी सोडली. तळाला पार्किंग, त्यावर आणखी एक पार्किंग, वर दहा मजले, मजल्यावर तीन घरं, एकूण ३०. भोगवटा प्रमाणपत्र २०२५ मध्ये आलं. सोळाही सभासद परत आले. पुनर्विकासात हे गृहीत धरायची गोष्ट नाही. अनेक ठिकाणी वाढलेला देखभाल खर्च झेपत नाही म्हणून जुनी माणसं फ्लॅट विकून घोडबंदर रोडला किंवा डोंबिवलीला जातात. इथे कॉर्पसच्या व्याजातून देखभाल खर्चाचा बराचसा भाग भागतो. ती रक्कम सभासदांत वाटून टाकायची नाही, मुदत ठेवीत ठेवायची, हा ठराव फक्त दोन मतांनी जिंकला होता.

घरं चांगली आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे जे काका गुडघ्यांमुळे महिन्यातून दोनदाच खाली उतरत, ते आता रोज तलावपाळीपर्यंत जाऊन येतात.

गल्लीचं काय झालं ते वेगळं. नऊ मीटर रस्ता कागदावर आहे. प्रत्यक्षात ‘अ’समोर २० मीटर लांबीची खाच पडली आहे, पुढे-मागे गल्ली पुन्हा सहा मीटर. रुंदी ज्या वाहतुकीसाठी मागितली ती या खाचेतून वाहत नाही. तिथे दोन रिक्षा आणि एक भाजीची गाडी उभी असते. पुनर्विकास एकेक भूखंडाने पुढे सरकतो, आणि रस्ता सलग नऊ मीटर व्हायला शेवटची जुनी इमारत पडेपर्यंत थांबावं लागेल. तोवर वाढीव एफएसआय मात्र वापरून झालेला असेल.

इमारत रस्त्याला आता दोन मजली भिंत दाखवते : तळाला लोखंडी गेट आणि उतार, वर पार्किंगला हवा खेळावी म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. जिना आत गेला, आगीच्या नियमांनी त्याला बंद दार आलं, दिवसाही दिवा लागतो. माणसं लिफ्टने थेट पार्किंगमध्ये उतरतात. संध्याकाळी सातच्या सुमारास यांत्रिक पार्किंगसाठी गाड्यांची रांग लागते आणि ती गेटबाहेर गल्लीत येते. जुन्या इमारतीला १६ घरांत चार गाड्या होत्या. नव्या ३० घरांत किती ते रहिवासीही नीट सांगत नाहीत.

‘ब’ची इमारत अजून उभी आहे. तिच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून पूर्वी ‘अ’ची गच्ची आणि आकाश दिसायचं.

वेगळं काय करता आलं असतं

‘ब’साठी थांबणं शक्य नव्हतं हे मान्य. पण एकत्र पुनर्विकास आणि पूर्ण फारकत यांच्या मध्ये एक पायरी होती. ‘अ’ने आपली सहा मीटरची वाट ‘ब’च्या सामाईक हद्दीवर ठेवली असती आणि भविष्यात ‘ब’चा पुनर्विकास झाला की दोघांनी ती वापरायची असा नोंदणीकृत करार तेव्हाच केला असता, तर ‘ब’ला स्वतःची वेगळी वाट सोडण्याची गरज कदाचित पडली नसती. अग्निशमन विभागाची आणि नगररचनेची मान्यता लागलीच असती, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आमच्या कार्यालयाने हे टिपणात सुचवलं होतं. बिल्डरला वाट दुसऱ्या बाजूला सोयीची होती, कारण तिकडून विक्रीच्या फ्लॅटना मोकळा उजेड मिळत होता. समितीने त्यात पडायचं टाळलं. ‘ब’च्या भल्यासाठी आपला बिल्डर का दुखवायचा, असा सूर होता. वाट दुसरीकडे गेली आणि सामाईक हद्दीपासून अडीच मीटरवर भिंत उभी राहिली.

दुसरी गोष्ट तळाची. पहिल्या पातळीवर समोरचे तीन-चार मीटर पार्किंगऐवजी सोसायटीचं कार्यालय, बसायची जागा आणि उजेडाचा जिना यांना दिले असते, तर दोन-तीन गाड्यांची जागा गेली असती. बिल्डरशी घासाघीस चालू असते तेव्हा दोन गाड्या सोडायला लावणं अवघड नसतं. ४० चौरस फूट जास्त चटई मागण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. पण मागायला हवं, आणि मागण्यासाठी सभेत कोणीतरी इमारतीचं छायाचित्र नव्हे, गल्लीतून दिसणारं दृश्य पडद्यावर दाखवायला हवं. सादरीकरणात आलेली सगळी चित्रं आकाशातून काढलेली होती.

ओटा गेला हे ताबा मिळाल्यावर तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं. मग काकूंच्याच आग्रहावरून सुरक्षारक्षकाच्या केबिनला लागून ग्रॅनाइटचा सहा फुटी कट्टा बांधला. खर्च देखभाल निधीतून. तो गेटच्या आत आहे, त्यामुळे गल्लीतलं कोणी येऊन बसत नाही. जुन्या ओट्यावर भाजीवालीही टेकायची.

दुरुस्तीचा पर्याय हसण्यावारी गेला, त्याचंही आकडेमोडीने एकदा उत्तर काढायला हवं होतं. मला वाटतं तो तरीही हरला असता. पण दुरुस्तीचा खर्च आणि भाडं यांची बेरीज हाताशी असती तर बिल्डरशी बोलताना समितीचा आवाज वेगळा लागला असता. ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही तो किंमत सांगत नाही, विचारतो.

सद्यस्थिती

‘ब’ला मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश मिळाला आहे, मिळकत पत्रिकेवर नाव चढायचं बाकी आहे. त्यांचा व्यवहार्यता अहवाल तयार आहे आणि ‘अ’सारखंच गणित निघालं आहे : एका बाजूला सहा मीटर वाट, मध्ये पट्टी, काडेपेटी. त्यांच्या समितीने ‘अ’ला पत्र लिहिलं आहे की मधली भिंत काढून दोन्हीकडच्या समासातून (इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेतून) मिळून सामाईक वाट करता येईल का. ‘अ’कडचे अडीच मीटर आता पाण्याच्या टाकीच्या झाकणांनी आणि जनरेटरने भरले आहेत. जनरेटर हलवण्याचा खर्च ‘ब’ने द्यावा असं ‘अ’च्या निम्म्या सभासदांचं म्हणणं आहे. उरलेल्यांना मोबदला हवा आहे, आणि विक्रीच्या फ्लॅटमध्ये आलेल्या १४ नव्या सभासदांना विषयच नव्याने समजावून सांगावा लागणार आहे. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो सातव्या क्रमांकावर आहे, यांत्रिक पार्किंगच्या देखभाल कराराच्या खाली.